पितळी पट्टी राहू द्या, मामा

पाटोद्याला आमच्या सौ.चे मामा राहतात. एसटीच्या वर्कशॉपात फिटर होते, आता निवृत्त. हात रिकामे राहिले की माणूस बिघडतो असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे गल्लीतले मिक्सर, फवारणीचे पंप आणि किल्ली हरवलेली कुलपं त्यांच्या पडवीत दाखल होत असतात. यंदा त्यांनी घरचंच काम काढलं. वडिलांची, म्हणजे आबांची, छर्‍याची बंदूक अडगळीतून काढून पोत्यावर मांडली आणि भाचीला बोलावणं धाडलं. भाची, म्हणजे आमच्या सौ., बीडला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात आणि सुट्टी मिळाली की दुर्बीण गळ्यात अडकवून नायगावच्या मयूर अभयारण्यात फिरतात. बंदुकीच्या कामाला मामांनी नेमकं हिलाच का बोलवावं हे मला उमगलेलं नाही. मी जावई. चहा घ्यायचा आणि विचारलं तरच बोलायचं. पण वाद असा रंगला की जमेल तसा टिपून ठेवला.

बंदूक इंडियन ह्यूम पाइप कंपनीची, ३५ नंबर. बंदूक मध्यावर मोडली की आतला पिस्टन मागे सरतो आणि स्प्रिंग दबून अडकते. छर्रा नळीच्या बुडाशी बसवायचा, नळी सरळ करायची, चाप ओढायचा. स्प्रिंग पिस्टनला पुढे फेकते, पिस्टन हवा दाबतो, हवा छर्‍याला ढकलते. ही कंपनी सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९२६ साली काढली. रस्त्याच्या नळकांडी पुलांखाली घालतात ते सिमेंटचे पाइप करणारी कंपनी एअर रायफलही बनवायची, हे मला मामांनी सिलिंडरवर कोरलेलं नाव दाखवल्यावर पटलं.

मामा : वरवरचा गंज आहे बघ. पॉलिश पेपर मारला की निघतोय. मग नळीला काळा स्प्रे, दस्त्याला चकचकीत पॉलिश. दुकानातून आणल्यासारखी दिसंल.

भाची : आणि मग?

मामा : मग काय, वाजवायची.

भाची : इथंच आपलं जमत नाही मामा. तिचं जुनेपण घालवायचं आणि तिचं काम परत सुरू करायचं, अशा दोन गोष्टी तुम्ही काढल्यात. मला दोन्ही नकोत.

मामा : बंद मशीन घरात ठेवून काय पूजा करायची का? मशीन चालली तर मशीन, नाहीतर भंगार. तीस वर्षं मी तेच केलंय. गाडी आगारात उभी करायला नव्हता पगार मिळत.

भाची : गाडीत माणसं बसतात. हिच्यातनं शिसं बाहेर पडतं.

आमच्या सौ.ना आधी दुसऱ्या मुद्द्यावर भांडायचं होतं. पण मामांच्या हातात पॉलिश पेपर होता आणि तो नळीच्या दिशेने निघाला होता, म्हणून पहिला मुद्दा आधी निघाला.

भाची : पेपरने तांबड्याबरोबर खालचं चांगलं लोखंडही खरवडलं जाणार. कंपनीचं नाव पुसट झालंच आहे, ते पूर्ण जाईल. नळी बिजागरीतून सोडवा, रॉकेलनं पुसा, तेलकटपणा साबणानं घालवा आणि पाण्यात उकळा. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्या, नळाचं नको. इथल्या बोअरच्या पाण्यानं डाग पडतील.

मामा : लोखंड पाण्यात उकळू? वर्कशॉपात असं बोललो असतो तर साहेबानं आगाराबाहेर काढलं असतं.

भाची : तांबडा गंज सुटा असतो, भुगा होऊन पडतो आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं. उकळत्या पाण्यात त्याचा काळा गंज होतो. तो घट्ट बसतो आणि तेल धरून ठेवतो. जुन्या बंदुकांचा काळा-निळा रंग हा असाच मुद्दाम आणलेला गंज असतो. लोखंडावर आधी गंज चढवायचे, उकळायचे, बारीक तारेच्या गुंडीनं घासायचे, परत गंज चढवायचे.

मामांनी वाद न घालता एक गंजका नट शोधला, चहाच्या जुन्या पातेल्यात टाकला आणि गॅस लावला. अर्ध्या तासाने चिमट्याने काढला तेव्हा तांबडेपणा गेला होता. नट काळपट झाला होता आणि वरचा सुटा थर कापडाला लागत होता. मामांनी तो चाळशी लावून खिडकीशी नेऊन पाहिला, नखाने खरवडून पाहिला आणि एकच शब्द बोलले : "हाव." मामींनी पातेलं आता चहाला वापरायचं नाही असं जाहीर केलं. काळ्या स्प्रेचा डबा परत कपाटात गेला.

दस्त्याचं प्रकरण इतकं सहज सुटलं नाही. आबांचा गाल टेकायचा तिथलं पॉलिश उडून लाकूड गुळगुळीत, गडद झालं होतं. खाली आपटल्याचे पोचे होते. आणि मनगटाच्या जागी, जिथे दस्ता सर्वांत बारीक होतो, एक तडा गेलेला. त्यावर पितळेची पट्टी वाकवून दोन स्क्रूंनी आवळलेली. ती पट्टी आबांनी फुटक्या स्टोव्हच्या टाकीतून कापली होती. कडा कानशीने गोल केल्या होत्या, पण एक स्क्रू तिरपा गेला होता.

मामा : ही पट्टी आधी काढणार. ठिगळ आहे ते. आता एपॉक्सी मिळतं, तडा भरून टाकू, वरनं पॉलिश, कळणार पण नाही.

भाची : कळलं पाहिजे. कारखान्यानं बनवलेल्या बंदुकीत आबांच्या हातचं असं काय आहे? ती पट्टी. आणि तो तिरपा स्क्रू.

मामा : स्क्रू तिरपा मारला म्हणून त्यांनी त्या दिवशी मला शिव्या घातल्या. मी पकडली होती बंदूक, माझाच हात हलला.

भाची : मग त्यात तुम्ही पण आहात. काढा आता.

मामा : तुझं काय आहे ना, तुला सगळं म्युझियम पायजे. अगं, आबांना ठिगळ आवडत होतं का? दुसरा दस्ता परवडला असता तर त्यांनी कालच बदलला असता. तू त्यांच्या गरिबीची आरास मांडायलीस.

हा टोला जिव्हारी लागण्यासारखा होता, आणि मला तो खराही वाटला. जुन्या वस्तूवरचे चट्टे जपा म्हणणं सोपं. ज्याने ते चट्टे नाइलाजाने सोसले त्याला विचारायची सोय नसते. सौ. थोडा वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी मधला मार्ग काढला, जो फिटरलाच पटावा असा होता : तडा आतून भरायचा, म्हणजे जोर त्याच्यावर येईल; पट्टी वरून तशीच ठेवायची, म्हणजे ती आता कामाची नसली तरी जागेवर राहील. मामांनी होकार दिला नाही, पण पट्टी काढायला घेतलेला पेचकस खाली ठेवला.

पोच्यांवर दोघांचं एकमत झालं. पोचा म्हणजे दबलेलं लाकूड. तंतू तुटलेले नसतात, चेपलेले असतात. ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री टेकवली की वाफ आत शिरते आणि लाकूड फुगून वर येतं. एकेका पोच्याला मामा चार-पाच वेळा इस्त्री लावत होते आणि दर वेळी बोटाने चाचपत होते. पॉलिशऐवजी उकळवलेलं जवसाचं तेल घ्यायचं ठरलं. तळहाताने चोळायचं, जास्तीचं पुसायचं, वाळू द्यायचं, परत चोळायचं. तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, असं मामांनी मलाच बजावलं. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि गोळा केलेल्या चिंध्या आपोआप पेट घेतात; पसरून तरी वाळवायच्या, नाहीतर पाण्यात टाकायच्या.

आता आतलं काम. हे मामांचं राज्य होतं आणि तिथे भाचीला प्रवेश नव्हता. दबलेली स्प्रिंग मोकळी करणं हे या सगळ्यातलं खरं धोक्याचं काम. मागची खीळ नुसती ठोकून काढली तर चापाचा सांचा आणि स्प्रिंग तोंडावर येते. मामांनी सुताराचा लांब शिकंजा आणला, लाकडाचा ठोकळा मधे घालून सिलिंडर आवळला, खीळ काढली आणि अर्धा-अर्धा आटा सोडत स्प्रिंग मोकळी केली. त्या वेळात पडवीत कोणी बोललं नाही. पिस्टनच्या टोकाचा चामडी वायसर करपलेल्या पापडासारखा हातात तुटून आला.

मामा : हा मिळायची चिंता नाही. पंपाचा चामडी वायसर बनवणारे कारागीर अजून आहेत. जाड चामडं भिजवायचं, साच्यात दाबायचं, वाटी झाली की कड छाटायची, मग रात्रभर एरंडेलात. पिळून बसवायचा. गाडीतलं ऑइल मात्र थेंबभर नको.

भाची : का?

मामा : डिझेल इंजिनाला ठिणगी लागते का? नाही लागत. नुसत्या दाबानं हवा एवढी तापते की डिझेल पेटतं. इथं पण तेच. पिस्टनच्या पुढं तेल राहिलं की ते आत पेटतं. बार मोठा होतो, धूर निघतो, पोरांना वाटतं बंदूक जोरात आली. आणि हळूहळू वायसर जळतो, स्प्रिंग तुटते. तशीच रिकामी वाजवायची नाही, छर्रा नसला की पिस्टनला पुढं हवेची गादी मिळत नाही, तो लोखंडावर आपटतो. आणि नळी मोडलेली असताना चापाला हात लावला तर नळी उसळून वर येते. बोटं जातात.

भाची : एवढं सगळं माहीत असलेला माणूस आज घरात आहे. उद्या नसेल तेव्हा ही बंदूक कोणाच्या हातात असेल?

इथे खरा वाद सुरू झाला.

मामा : तू आता बीड बीड करणार.

भाची : करणारच. ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. त्यानंतर जिल्ह्यातल्या शस्त्रपरवान्यांची छाननी झाली, शंभराहून जास्त परवाने रद्द झाले. हवेत गोळ्या झाडणाऱ्यांचे व्हिडिओ सगळ्या महाराष्ट्रानं पाहिले. माझ्या वर्गातली पोरं मोबाइलवर कमरेला पिस्तूल लावलेले रील बघतात. या सगळ्याच्या मधोमध बसून आपण बंदूक चकाचक करायची?

मामा : हिला लायसन लागत नाही.

भाची : माहीत आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे नळीचा व्यास साडेचार मिलिमीटरपर्यंत आणि जोर २० ज्यूलपर्यंत असला की परवाना नको. .२२ ची असती तर लागला असता. पण परवाना नको म्हणजे इजा होत नाही असं थोडंच आहे? एवढासा छर्रा, पण डोळा जातो. पाखरू तर मरतंच.

मामा : पाखरं मारायची कोण म्हणतंय?

भाची : आबा काय करत होते मग?

मामा लगेच बोलले नाहीत. त्यांनी आबांना पाठीशी घातलं नाही, हे मला आवडलं.

मामा : मारत होते. ज्वारी निसवली की भोरड्यांचे थवे उतरायचे, आभाळ काळं व्हायचं. तित्तिर पण मारलेत त्यांनी, खाल्लेत आम्ही. पण एक सांगतो. राखणीला बंदूक कामाची नव्हतीच. माळ्यावर उभं राहून गोफण फटकारली की नुसत्या आवाजानं थवा उठायचा. बंदुकीनं एक पाखरू पडायचं आणि बाकीचे दोन ओळी पलीकडं जाऊन बसायचे. आबांना ते कळत होतं. बंदूक हौसेची होती.

भाची : त्या भोरड्या मध्य आशियातून येतात मामा. टोळ खाणारं पाखरू आहे. चीनच्या शिंजियांगमध्ये टोळांच्या बंदोबस्तासाठी त्यांना मुद्दाम दगडांची घरटी रचून देतात. आपल्याकडे आलं की आपण छर्रे घालतो. आणि आता तर कायद्यानं कावळासुद्धा मारता येत नाही. आधी तो उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होता, २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच गेली. अरुणाचलमध्ये २०२१ साली सरकारनं एअरगन जमा करायची मोहीम काढली. लोकांनी आपणहून आणून दिल्या. पूर्व कामेंगमधल्या लुमडुंग नावाच्या गावापासून सुरुवात झाली.

मामा : त्यांची शिकार चालू होती, म्हणून त्यांनी दिली. माझी कुठं चालू आहे?

इथे मला राहवलं नाही. म्हटलं, सलीम अली पक्ष्यांकडे वळले ते एअरगनमुळेच. लहानपणी त्यांनी एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड साहेबांकडे गेले. साहेबांनी कपाटातले पेंढा भरलेले पक्षी दाखवले आणि पोरगा तिथेच अडकला. आईवडिलांमागे ते मामांकडेच वाढले होते, अमीरुद्दीन तय्यबजींकडे.

मामा : बघ. मामाकडं. जावईबापू, तुम्ही मधून मधून बोलत जावा.

भाची : अहो, तुम्ही कोणाच्या बाजूनं आहात? त्या काळी पक्षी ओळखायला मारून हातात घ्यावा लागे. आज माझ्या विद्यार्थ्यांकडे दुर्बीण आहे, मोबाइलवर आवाज रेकॉर्ड होतो. सलीम अलींना आज चिमणी पाडायची गरज पडली नसती.

माझी भूमिका पुन्हा चहापुरती झाली. पण मामांना आपला मुद्दा सापडला होता.

मामा : मी कागदावर मारायचं म्हणतोय. नातवाला शिकवायचं. दहा मीटरवर पुठ्ठा, मागं मातीनं भरलेलं पोतं, त्याच्या मागं भिंत. ऑलिंपिकमध्ये दहा मीटरच्या एअर रायफलला मधला ठिपका केवढा असतो माहीत आहे? अर्धा मिलिमीटर. पोरगं तासभर त्याला भिडलं की कळतं, हात थरथरतोय, श्वास आवरत नाही, दहातले आठ छर्रे कुठं गेले पत्ता नाही. तुझ्या रीलमधल्या पिस्तुलाचा माज असा उतरतो. बंदूक लपवून उतरत नाही. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला पदक घेतलंच ना? खेड्यातलंच पोरगं.

भाची : त्याचा प्रकार ५० मीटरचा, रायफल .२२ ची. तुम्हाला बिंद्रा म्हणायचंय, २००८, बीजिंग. आणि त्यांची रायफल दाबलेल्या हवेची असते, तिला झटका जवळजवळ नसतो. आबांची ही दोनदा उसळते : स्प्रिंग सुटली की मागं, पिस्टन आदळला की पुढं. हिच्यावर स्पर्धा होत नाही.

मामा : मग हिच्यावर ज्याचा हात बसला त्याचा कशावर पण बसंल.

हा मुद्दा मला बिनतोड वाटला. बंदुकीला हात न लावू दिलेल्या पोरालाच तिचं वेड जास्त लागतं, हे मी शाळेत असताना पाहिलेलं आहे. शिस्त लावणारा माणूस शेजारी असेल तर कागदावर नेम धरणं हा धीराचा खेळ आहे, त्यात शौर्य गाजवायला काही नाही. मी तसं म्हणणार होतो, तेवढ्यात फाटकाशी शेजारच्या शिवारातले एक गृहस्थ उभे राहिले. त्यांना पंप दुरुस्तीला टाकायचा होता. पोत्यावरची बंदूक बघून ते खूश झाले.

"मामा, झाली का बंदूक? झाली की दोन दिवस द्या बरं का. वानरांनी लई उच्छाद मांडलाय, हरभरा ठेवला नाही."

आमच्या सौ. एक अक्षर बोलल्या नाहीत. बोलायची गरजही नव्हती. मामांनी पंप घेतला, दोन दिवसांनी या म्हणाले आणि बंदुकीचं उत्तर दिलं नाही. गावात शिडी, घमेलं, बैल आणि पंप मागितल्यावर नाही म्हणता येत नाही; बंदुकीला कोणत्या तोंडाने म्हणणार? भाचीचा सगळा कायदा आणि सगळे पक्षी जे सांगू शकले नव्हते, ते त्या माणसाने चपला न काढता सांगितलं. मामा त्यानंतर बराच वेळ शिकंज्याचा आटा उगाच फिरवत बसले.

मामा : चापाची खीळ मी काढून खिशात ठेवीन. खीळ नाही तर बंदूक नाही.

भाची : तुमच्या शर्टाचा खिसा मामी धुवायला टाकतात.

मामा : मग तू सांग काय करू.

भाची : बाकी सगळं करा. नळी उकळा, दस्ता करा, वायसर बसवा. खर्च माझा. स्प्रिंग तेवढी घालू नका. जुनी वाकलीच आहे, वेढे एकसारखे राहिलेले नाहीत. स्प्रिंगशिवाय ठेवा.

मामा : म्हणजे सगळं काम करून अर्धवट सोडू? एवढं चामडं भिजवून वायसर बसवायचा आणि त्याच्या मागं पोकळी? हे फिटरला सांगायलीस तू.

त्या दिवशी एवढ्यावरच थांबलं. पुढच्या आठवड्यात नळी उकळून झाली. मामींनी दिलेल्या पातेल्यात ती मावेना, म्हणून मामांनी पत्र्याचं पन्हाळं दोन्ही टोकांना बंद करून चुलीवर आडवं ठेवलं. दस्त्याला जवसाच्या तेलाचे हात बसले. आबांच्या गालाची जागा अजून वेगळी दिसते. पट्टी आहे, तिरपा स्क्रूही आहे, फक्त मामांनी पितळ चिंचेने घासून लख्ख केलंय, आणि त्यावरून फोनवर एक छोटं भांडण झालंच.

काल मामांचा मला मेसेज आला. व्हर्नियरने घेतलेली मापं : तारेची जाडी, बाहेरचा व्यास, लांबी, वेढे. खाली लिहिलेलं : "जावईबापू, ऑनलाइन मिळती म्हणतात. तिला सांगू नका." मी मोबाइल उलटा ठेवायच्या आत सौ.नी वाचलं होतं. मी म्हटलं, काय करू? त्यांनी मापं परत एकदा पाहिली.

"मागवा," त्या म्हणाल्या. "पण पत्ता आपल्या घरचा टाका."